पट्टी झेलण्याच्या प्रयोगात आकडे जुळत नाहीत? आधी सोडणाऱ्याचा हात बघा

२४ सेंमी. १९. मग एकदम ६. परत २१. पाचव्या वेळी पट्टी बोटांमधून निसटून फरशीवर. पुढे १८, ४, २०, १७, आणि दहाव्या वेळी पुन्हा फरशीवर.

नववीतल्या एका मुलाच्या वहीतलं हे पान. मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. पावसाळ्यात प्रतिक्रिया काळाचा, म्हणजे काही दिसल्यापासून हात हलेपर्यंतच्या वेळेचा, प्रयोग घेतला की असं एखादं पान दरवर्षी माझ्या टेबलावर येतंच, आणि सोबत ठरलेली तक्रार: "बाई, माझा रीडिंग बरोबर येना नाय." दुसऱ्या दिवशी तीच वही परत येते तेव्हा ४ चे १४ झालेले असतात, ६ चे १६, आणि पट्टी फरशीवर पडलेल्या दोन वेळा पानावरून गायब. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खोडून टाकलेले तेच आकडे बिघाड कुठे आहे ते सांगत होते.

प्रयोग बहुतेकांना ठाऊक आहे. एकाने फूटपट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायची. दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला न टेकवता. पहिल्याने न सांगता सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. पट्टी किती सेंमी खाली आली ते वाचायचं, त्याची दुप्पट करायची, ९८० ने (हे सेंमीमधलं गुरुत्वीय त्वरण) भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. आलेलं उत्तर सेकंदात. १० सेंमीला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, ३० ला ०.२५. बहुतेक मुलामाणसांचा आकडा ०.२० च्या आसपास पडतो.

तुमचं उत्तर २ सेकंद येत असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी हिशेब बघा. अंतर सेंमीमध्ये ठेवून ९.८ ने भागलं की उत्तर बरोब्बर दहापट येतं. सेंमी असेल तर ९८०, मीटर असेल तर ९.८. एवढंच.

आता त्या वहीकडे येऊ. आकडे पसरले की सगळे झेलणाऱ्याकडे बघतात: याचं लक्ष नाही, याचे हात मंद आहेत. मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं तेच केलं. आता मी पहिल्यांदा सोडणाऱ्याला तपासते, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घोळ त्याच्या हातात, तोंडावर किंवा मोजण्यात असतो.

४ आणि ६ हे आकडे घ्या. ४ सेंमी म्हणजे ०.०९ सेकंद. डोळ्याने पट्टी हलल्याचं टिपायचं, मेंदूने ठरवायचं, मज्जातंतूंतून निरोप हातापर्यंत जायचा, स्नायू आवळायचे, हे सगळं ०.०९ सेकंदात होत नाही. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतही आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत धावपटू हलला तर तो चुकीचा प्रारंभ धरतात. म्हणजे तो ऐकून नव्हे, अंदाजाने निघाला. पट्टीच्या बाबतीत ०.१ सेकंद म्हणजे जवळजवळ ५ सेंमी. त्याच्या आतला कुठलाही आकडा आला की समजायचं, मुलाने पट्टी पाहून पकडली नाही, ती कधी सुटणार ते त्याला आधीच कळलं होतं.

कसं कळलं, ते मला एका मुलीने दाखवलं. आम्ही प्रयोगशाळेच्या बाकावर तो प्रयोग परत करत होतो. ती शेजारी उभी राहून बघत होती, आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "बाई, हो पट्टी सोडूच्या आधी ओठ दाबता." मी वाकून बघितलं. खरंच. पट्टी सोडायच्या अगदी आधी सोडणाऱ्याचा खालचा ओठ आत जायचा आणि कोपर किंचित वर यायचं. झेलणारा पट्टीकडे बघतच नव्हता, समोरच्याच्या तोंडाकडे बघत होता. यात लबाडी काही नव्हती. खाडीत पाग टाकणारा मुलगा जसा पाण्यावरच्या लहरीवरून मासा ओळखतो, तसं त्याने ओठावरून ओळखायला सुरुवात केली होती.

उपाय सोपा निघाला. जुन्या खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन त्याला पट्टी जाईल एवढी चीर पाडली आणि तो दोघांच्या मधे आडवा धरला. झेलणाऱ्याला पट्टीचा खालचा अर्धा भागच दिसेल, वरचा हात आणि तोंड दिसणार नाही. चीर ऐसपैस ठेवा; पट्टी पुठ्ठ्याला घासली तर नवीन चूक तयार होते. पुठ्ठा धरायला तिसरा मुलगा लागतो. तोच नोंदी करू शकतो.

दुसरी खूण असते वेळेची. "एक, दोन, तीन" म्हणून सोडणारे खूप असतात. मोजत नसले तरी बहुतेक जण प्रत्येक वेळी साधारण तेवढंच थांबून सोडतात, आणि चार-पाच वेळांत झेलणाऱ्याच्या अंगात तो ताल भिनतो. म्हणून २ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक वेळी सोडणाऱ्याने एक चिठ्ठी उचलायची आणि मनात तेवढे सेकंद मोजून पट्टी सोडायची. चिठ्ठी परत डबीत टाकायची. दोन कोऱ्या चिठ्ठ्याही घाला: कोरी आली की पट्टी सोडायचीच नाही, दहा सेकंद धरून ठेवायची. अशा वेळी झेलणाऱ्याची चिमूट मिटली तर वहीत 'अंदाज' असं लिहा. मला या कोऱ्या चिठ्ठ्या सगळ्यात आवडतात, कारण मुलांना न रागावता दिसतं की आपण बघण्याआधीच हलत होतो.

वर्गात पटवून द्यायचं असेल तर ५०० रुपयांची नोट घ्या. ती १५ सेंमी लांब आहे. उभी धरा आणि झेलणाऱ्याची बोटं नोटेच्या मध्यावर ठेवा. खाली उरतात साडेसात सेंमी, म्हणजे ०.१२ सेकंद. नोट पाहून पकडणं जवळजवळ अशक्य असतं. जो पकडतो त्याने एकतर अंदाज बांधलेला असतो, नाहीतर त्याला तुमचा ओठ दिसलेला असतो.

सोडण्याच्या पद्धतीतही गडबड होते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की प्लॅस्टिकची पट्टी घामट बोटांना चिकटते. एक बोट आधी सुटतं, दुसरं मागाहून, आणि पट्टी वाकडी होऊन घासत खाली येते. ती सुरुवातीला मुक्तपणे पडत नसल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा लहान येतो. उलट काही मुलं पट्टी सोडत नाहीत, खाली ढकलतात. त्यांच्या हातून आकडा मोठा येतो. हे तपासायला झेलणारा लागत नाही. भिंतीवर खडूने एक सरळ उभी रेघ ओढा, तिच्यापुढे पट्टी धरा, आणि खाली दप्तर ठेवून दहा-बारा वेळा नुसती सोडा. पट्टी रेघेला धरून सरळ पडली पाहिजे. हात आणि पट्टी दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. पट्टी वरच्या टोकाच्या एकाच सेंमीत धरा आणि दोन्ही बोटं एकदम बाहेर उघडा. लाकडी पट्टी मिळाली तर उत्तम. तिचं वजन जास्त म्हणून ती लवकर पडेल का, असं मुलं विचारतात. नाही. एवढ्याशा उंचीवर आणि एवढ्याशा वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो, दोन्ही सारख्याच पडतात.

झेलणाऱ्याच्या बाजूला तीन गोष्टी बघा.

एक, बोटांमधलं अंतर. कधी १ सेंमी, कधी ४ असं ठेवलं तर बोटं मिटायला लागणारा वेळ दरवेळी बदलतो. आम्ही खोडरबर माप म्हणून वापरतो: बोटांत खोडरबर धरायचा, काढून घ्यायचा, बोटं तशीच ठेवायची. दोन, वाचायचं कुठे. सुरुवातीला शून्य अंगठ्याच्या खालच्या कडेशी ठेवलं आणि शेवटी आकडा वरच्या कडेशी वाचला, तर अंगठ्याच्या रुंदीचे जवळजवळ २ सेंमी फुकट वाढतात. २० चे २२ होतात, आणि वेळ ०.०१ सेकंदाने वाढतो. दोन्ही वेळा वरचीच कड धरा. शून्याची खूण पट्टीच्या काठापासून थोडी आत असते हेही विसरू नका. तीन, हात हलणं. पट्टीबरोबर हात खाली गेला तर आकडा लहान येतो, वर उसळला तर मोठा. मनगटापर्यंतचा हात बाकावर टेकवून फक्त पंजा काठाबाहेर काढला की हे बंद होतं.

पकडल्यावरही पट्टी घसरत असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूला साध्या कागदाची लांब पट्टी चिकटवा. घामट बोटांत गुळगुळीत प्लॅस्टिक पाव-अर्धा सेंमी सहज सरकतं.

आता फरशीवर पडलेल्या दोन वेळांचं काय करायचं? माझं सगळ्यात ठाम म्हणणं इथे आहे. ३० सेंमीची पट्टी संपते ०.२५ सेकंदाला. ज्याला त्याहून जास्त वेळ लागला त्याच्या हातून पट्टी सुटणारच. म्हणजे 'सुटली' हेही रीडिंगच आहे. त्याचा अर्थ आहे '०.२५ पेक्षा जास्त'. ते वहीतून काढलं की तुम्ही नेमके मंद प्रतिसाद पुसून टाकता आणि मुलगा होता त्यापेक्षा चपळ दिसायला लागतो. वरच्याच पानावर करून बघा. सुटलेल्या दोन वेळा सोडून उरलेल्या आठ आकड्यांची सरासरी १६.१ सेंमी, म्हणजे ०.१८ सेकंद. आता सरासरीऐवजी मध्यक काढा, नववी-दहावीच्या गणितातलाच. सगळे दहा निकाल लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा, 'सुटली' सगळ्यात शेवटी ठेवा: ४, ६, १७, १८, १९, २०, २१, २४, सुटली, सुटली. मधले दोन १९ आणि २०, मध्यक १९.५ सेंमी, म्हणजे ०.२० सेकंद. ५ सेंमीच्या आतलं रीडिंग रद्द धरायचं असा नियम तुम्ही प्रयोगाआधीच ठरवून वहीत लिहिला असेल, तर ४ गळतो आणि मध्यक २० वर जातो. वेळ तरीही ०.२० च. एखाददुसऱ्या वाईट आकड्याने मध्यक हलत नाही, म्हणून या प्रयोगाला तो सरासरीपेक्षा जास्त शोभतो. नियम मात्र आधी ठरवा. आकडे बघून नंतर ठरवलेला नियम म्हणजे खाडाखोडच.

सरासरीच काढायची असेल तर आधी प्रत्येक अंतराचा वेळ काढा आणि मग वेळांची सरासरी घ्या. १० आणि ३० सेंमीची सरासरी २०, तिचा वेळ ०.२०२; पण १० चा वेळ ०.१४३ आणि ३० चा ०.२४७, त्यांची सरासरी ०.१९५. वर्गमूळ असल्यामुळे हा फरक पडतो. शक्य असेल तर ५० सेंमीची पट्टी किंवा मीटरपट्टी घ्या. ५० सेंमी म्हणजे ०.३२ सेकंद, म्हणजे सुटणं जवळजवळ थांबतं.

पुढची अडचण आपल्याकडच्या पावसाची. एका वर्षी सोमवारी आणि मंगळवारी तीच मुलं, तीच पट्टी, तोच सोडणारा, आणि मंगळवारचे आकडे जवळजवळ सगळ्यांचेच मोठे. कारण शोधताना डोकं चालेना. मग शिपाईकाकांनी आठवण करून दिली की मंगळवारी झड लागली होती, लाईट गेलेली होती, आणि जांभ्याच्या भिंतींच्या त्या खोलीत दुपारी बारालासुद्धा संध्याकाळ वाटत होती. प्रकाश मंद झाला की डोळ्याला टिपायला जास्त वेळ लागतो आणि प्रतिक्रिया काळ वाढतो. हा जुना, पक्का निष्कर्ष आहे. तेव्हापासून आम्ही पडवीत, उजेडात प्रयोग करतो आणि वहीत तारखेबरोबर 'ऊन', 'ढग', 'लाईट नाही' असं लिहितो. खरं तर यातून प्रदर्शनासाठी चांगला विषय मिळतो: तीच मुलं, एकदा पडवीत, एकदा खिडक्या लावलेल्या खोलीत. पंखा मात्र बंद ठेवा, लोंबकळणारी पट्टी हलते.

प्रदर्शनाचा विषय निघाला आहे तर आणखी एक. आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी विचारतं की रापणीला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला) जाणाऱ्या मुलांचा किंवा कबड्डी खेळणाऱ्यांचा प्रतिक्रिया काळ कमी असतो का. प्रश्न छान आहे, पण एका गटाला एकाने पट्टी सोडली आणि दुसऱ्या गटाला दुसऱ्याने, तर तुम्ही दोन सोडणाऱ्यांमधला फरक मोजता. गटांमधला फरक ०.०१-०.०२ सेकंदांचाच असला तर तो त्यात बुडून जातो. सोडणारा एकच ठेवा. गट आळीपाळीने घ्या, आधी एक पूर्ण आणि मग दुसरा असं नको, कारण सोडणाऱ्याचाही हात सरावतो आणि थकतो. प्रत्येकाला आधी पाच वेळा नुसता सराव द्या, त्याची नोंद नको; पहिल्या काही वेळांत प्रत्येक जण भराभर सुधारतो.

परीक्षकांपुढे एक शब्द जपून वापरा. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणू नका. गरम तव्याला हात लागल्यावर तो मागे घेतला जातो ती प्रतिक्षिप्त क्रिया, तिचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतूनच वळतो. पट्टी पकडताना निरोप मेंदूपर्यंत जाऊन येतो. मज्जातंतूंत निरोपाचा वेग किती असतो ते हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर मोजलं, सेकंदाला साधारण २७ मीटर. माणसाच्या हाताकडे जाणारे जाड तंतू याहून बरेच जलद असतात, त्यामुळे ०.२० सेकंदातला थोडाच वेळ प्रवासात जातो. बाकीचा डोळ्याचा पडदा, मेंदू आणि स्नायू घेतात.

म्हणूनच आवाजाला प्रतिसाद प्रकाशापेक्षा लवकर येतो. कानातली यंत्रणा डोळ्याच्या पडद्यापेक्षा पटकन निरोप देते. हे पट्टीने दाखवायला गेलं की मुलं डोळे बांधतात, सोडणारा "सोडली" म्हणतो, आणि आकडे भलतेच येतात. इथेही दोष सोडणाऱ्याचाच: तोंडातला शब्द आणि बोटं उघडणं कधीच एका क्षणी होत नाहीत. पट्टीने आवाजाचा प्रयोग करूच नका. स्पर्शाचा करायचा असेल तर साखळी करा. तीस मुलं हात धरून गोलात उभी, डोळे मिटलेले. पहिल्याने स्टॉपवॉच सुरू करत शेजाऱ्याचा हात दाबायचा, दाब एकेका हातातून पुढे जात त्याच्या दुसऱ्या हातात आला की थांबवायचं. आलेल्या वेळेला तीसने भागा. स्टॉपवॉच दाबण्यातली चूकही तीसने भागली जाते, हेच या पद्धतीचं बळ. एकट्या मुलाचा वेळ स्टॉपवॉचने मोजायला गेलात तर मोजणाऱ्याचा स्वतःचा ०.२ सेकंद त्यात मिसळतो; मोबाईलवर सेकंदाचे शतांश दिसतात म्हणून मोजणी तेवढी अचूक होत नाही.

मोबाईलवरच्या 'रंग बदलला की दाबा' खेळात पट्टीपेक्षा मोठे आकडे येतात, त्याचंही कारण हेच. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात, म्हणजे ०.०१७ सेकंद तिथेच जाऊ शकतात, आणि बोट टेकल्याचं फोनला कळायला आणखी वेळ लागतो. मोबाईलची मोबाईलशी तुलना करा, तीही एकाच फोनवर.

मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. १७९६ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत मॅस्केलिन या मुख्य खगोलशास्त्रज्ञाने किनेब्रूक नावाच्या आपल्या मदतनिसाला काढून टाकलं, कारण तारा दुर्बिणीच्या तारेवरून सरकल्याची त्याची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा ०.८ सेकंद उशिरा पडायची. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या निरीक्षकांची तुलना केली आणि दिसून आलं की हा फरक माणसामाणसांत असतोच, तो मोजून हिशेबात धरायला हवा. किनेब्रूकला त्याचा काही उपयोग झाला नाही. ही गोष्ट ऐकल्यावर मुलं आकडे लपवायचं कमी करतात, एवढं मी बघितलं आहे.

एवढं करूनही पसारा कमी झाला नाही, तर झेलणारा तोच ठेवून सोडणारा बदला आणि वीस रीडिंग घ्या. आकडे आवरले तर बिघाड पहिल्या सोडणाऱ्यात होता. तसेच राहिले तर तो त्या झेलणाऱ्याचा स्वभाव आहे. सगळे वीस निकाल, सुटलेल्यांसकट, पेनने लिहा आणि आलेखात जसेच्या तसे लावा.